प्राध्यापकांचं मनःस्वास्थ्य आणि आज्याचा बिल्ला

मी मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच, कारण मॅट्रिक म्हटलं की आजीला पोरगा शिकल्यासारखा वाटतो. काम गोदीत. बोटीतून लोखंडी पत्र्याची भेंडोळी उतरतात, त्यांना साखळ्या लावायच्या, खाली आली की काढायच्या. रात्री कविता लिहितो. अशा माणसानं विद्यापीठातल्या प्राध्यापकांवर लिहावं का, असं या पानांवर कुणी विचारणार नाही. बाहेर विचारतील. त्यांना आधीच सांगून ठेवतो. तुमच्या अभ्यासक्रमात माझ्या बापाचं दुःख तुम्ही मार्कांना लावलंय. ते लावताना मला विचारलं नव्हतं. मीही विचारत बसणार नाही.

झालं असं. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला एका कॉलेजात कविता वाचायला बोलावलं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर आमच्या दोस्ताची तासिका जाईल. माझा दोस्त तिथं अर्थशास्त्र शिकवतो. शिवडीत आम्ही एकाच चाळीतले. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लहानपणी त्यानं मला बेरीज शिकवली, मी त्याला शिव्या शिकवल्या. आता तो एम. ए., नेट, पीएचडी. पीएचडी झाली तेव्हा चाळीत पेढे वाटले, बँड लावला. बँडवाल्याचे पैसे अजून थोडे बाकी आहेत.

स्टाफरूमच्या भिंतीवर गुळगुळीत कागदाचं पोस्टर. तीन दिवसांची कार्यशाळा. प्राध्यापकांचं मनःस्वास्थ्य, ताणतणावाचं नियोजन आणि सर्वांगीण व्यावसायिक विकास. सकाळी प्राणायाम, मग वेळेचं नियोजन, दुपारी जेवण, त्यानंतर संशोधनपर लेख कसा लिहावा, शेवटी प्रमाणपत्र. कोपऱ्यात कमळात बसलेल्या माणसाचं चित्र. मी दोस्ताला म्हटलं, वा, तुमची मजा आहे. तो हसला. कसला हसला ते मला तेव्हा कळलं नाही. चहा पिताना हळूहळू सगळं बाहेर आलं.

तीन दिवस तो कार्यशाळेत होता. सतरंज्या जिमखान्यातून त्यानं आणल्या. प्रोजेक्टरची वायर त्यानं धरली. पाण्याच्या बाटल्या त्यानं वाटल्या. आणि कायम प्राध्यापक डोळे मिटून श्वास आत-बाहेर करत होते तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांचे वर्गही यानंच घेतले. त्या तासांचे पैसे नाहीत, कारण ते तास त्याच्या नावावर नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं विभागप्रमुखांना विचारलं, "सर, मीही बसू का?" सर प्रेमानं म्हणाले, "अरे, ही कायम लोकांसाठी आहे. तू तरुण माणूस, तुला कसला ताण?"

च्यायला. कसला ताण!

ताण काय तो सांगतो, कारण तो स्वतः सांगणार नाही. तो सीएचबीवर आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर. आठवड्याला नऊ तास. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. त्या तासाची तयारी, पेपर तपासणं, पोरांनी जिन्यात अडवून विचारलेल्या शंका फुकट. दर जूनमध्ये मुलाखत. त्याच कॉलेजात, त्याच खुर्चीसमोर, तोच माणूस, तीच प्रमाणपत्रांची फाईल. नेमणूक यायला कधी ऑगस्ट उजाडतो. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचा महिना, या सगळ्यात हातात शून्य. मानधन महिन्याला येत नाही, येतं तेव्हा येतं. मे महिन्यात तो क्लासात अकरावीच्या पोरांना हिशेब शिकवतो आणि रात्री मोबाईलवर जागांच्या जाहिराती बघतो. गेल्या वर्षी एक मुलगी बघायला गेलो होतो आम्ही. मुलीच्या बापानं विचारलं, कायम आहात का? हा माणूस बेकारीवर प्रबंध लिहिलेला. खाली मान घालून बसला.

आता कुणी म्हणेल, दोन-चार दिवस डोळे मिटून बसले बिचारे प्राध्यापक, तुझं काय गेलं? माझं काही गेलं नाही. मास्तराला ताण असतो हे मला मान्य आहे. साठ पोरांचा वर्ग, वर प्राचार्य, त्याच्यावर संस्थाचालक, त्याच्यावर नॅकचे कागद. मास्तरानं शिकत राहावं हेही मला मान्य आहे, उलट माझी तक्रार आहे की ते शिकत नाहीत. वीस वर्षं त्याच पिवळ्या नोट्स वाचणारे मी बघितलेत. त्यांना खुशाल पाठवा प्रशिक्षणाला. पण या प्रशिक्षणाची शिडी कशी बांधलीय ते नीट बघा.

१९८६चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. मास्तरांना घडवायचं ठरलं. यूजीसीनं विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. तिथं नव्यांसाठी ओरिएंटेशन, जुन्यांसाठी रिफ्रेशर. पुढं त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं. २०२३ साली मालवीय मिशनच्या नावाखाली पुन्हा पाट्या रंगवल्या, देशभर १११ केंद्रं झाली. त्यांच्या कार्यक्रमाचे आठ विषय ठरवले, त्यात भारतीय ज्ञानपरंपरा आहे, आणि विद्यार्थ्यांची विविधता आणि सर्वसमावेशक शिक्षण हाही एक विषय आहे. म्हणजे सर्वांना सामावून कसं घ्यावं याचं शिक्षण तिथं मिळतं. कुणाला मिळतं? जो आधीच आत आहे त्याला.

आणि मिळालं की काय होतं? पगार चढतो. यूजीसीचे २०१८चे नियम काढून बघा, दोस्तानं मला मोबाईलवर दाखवले, मी अडखळत वाचले. सहायक प्राध्यापकाची सुरुवात लेव्हल १०ला, ५७,७०० रुपये मूळ पगार. तिथून ११ला चढायचं तर पीएचडीवाल्याला चार वर्षं नोकरी, एम.फिल.वाल्याला पाच, दोन्ही नसेल त्याला सहा. सोबत एकवीस दिवसांचं ओरिएंटेशन आणि एखादा रिफ्रेशर किंवा आठवड्याभराचा तसाच काही कोर्स. कॉलेजच्या भाषेत याला कॅस म्हणतात. "माझं कॅस अडकलंय" असं प्राध्यापक म्हणतो तेव्हा गोदीत आम्ही "माझं बोनस अडकलंय" म्हणतो तोच आवाज असतो. म्हणून तर लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, वेबिनारांचा पाऊस पडला. कॅमेरा बंद, माईक बंद, माणूस भाजी निवडतोय, आणि शेवटी ई-प्रमाणपत्र. आमच्या दोस्तानंही अशी प्रमाणपत्रं जमवली, काही ठिकाणी फी भरून. मी विचारलं, तुझ्या काय कामाची? म्हणाला, कायम झालो तर लागतील.

कायम झालो तर. इथंच खरी मेख आहे. त्याच नियमांत लिहिलंय की तात्पुरती किंवा कंत्राटी नोकरी पुढच्या बढतीला मोजायची असेल तर तिचा पगार कायम माणसाच्या पगारापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे ज्याला कमी दिलं, त्याची वर्षंही कमी. आधी पोटाला चिमटा काढायचा, मग चिमटा काढला म्हणून वयातून वर्षं खोडायची. सात वर्षं शिकवलं त्यानं. हिशेबाला शून्य. उद्या कायम झालाच तर चाळिशीला टेकलेला माणूस ओरिएंटेशनला बसेल, आणि त्याला वर्गात फळा कसा पुसावा ते सांगतील.

त्याच यूजीसीनं २०१९ साली कागद काढला की पाहुण्या प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये द्या, महिन्याला फार तर ५०,००० होऊ द्या. दोस्तानं तो कागद जपून ठेवलाय. ते पंधराशे त्यानं आजवर फक्त त्या कागदावरच बघितलेत.

मनःस्वास्थ्य म्हणता ना? मग माठापासून सुरुवात करू.

१९१८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात एक नवा प्रोफेसर आला. विषय राज्यव्यवहाराचं अर्थशास्त्र, म्हणजे माझ्या दोस्ताचाच. कोलंबियातून शिकून आलेला. पगार ४५० रुपये. त्याचा तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली पोरं येऊन बसायची. आणि स्टाफरूममध्ये प्राध्यापकांसाठी पाण्याचा माठ होता, त्याला या प्रोफेसरानं हात लावू नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी कुरकुर केली. कोलंबियाचा शिक्का बसलेल्या माणसाला पाणी नको! हे शिकलेल्या लोकांच्या खोलीत झालं, खेड्यातल्या पाणवठ्यावर नव्हे. त्या काळी मनःस्वास्थ्याची कार्यशाळा असती तर बाबासाहेबांना तिथं सतरंजी मिळाली असती का, की माठापासून किती फूट लांब बसायचं तेवढं सांगितलं असतं?

त्यांचा व्यावसायिक विकास कसा झाला तेही बघा. १९२० साली नोकरी सोडली. साठवलेले पैसे, नवल भथेना या पारशी दोस्ताची उसनवारी आणि शाहू महाराजांची मदत एवढ्यावर लंडन गाठलं. १९२३ला डी.एस्सी., वर बॅरिस्टर. अशा विकासाला भरपगारी रजा कुणी दिली नव्हती. आणि परत आल्यावर? १९२५ ते १९२८ बाटलीबॉयच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये ग्रंथ छापून आलेला माणूस, अर्धवेळ! पुढं १९३५ला सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले ते सगळे सांगतात. मधला अर्धवेळ कुणी सांगत नाही. मी दोस्ताला हे सांगितलं तेव्हा तो थोडा ताठ झाला. मग म्हणाला, "बाबासाहेबांना निदान दर जूनला मुलाखत नव्हती रे."

शंभर वर्षांत माठ गेला, त्याच्या जागी आता थंड पाण्याची टाकी आहे, ती सगळ्यांना चालते. माठाचं काम आता यादी करते. आरक्षणाच्या बिंदूंची यादी. २०१७ साली अलाहाबाद हायकोर्टानं सांगितलं की विद्यापीठात आरक्षण मोजताना सबंध विद्यापीठ नव्हे, एकेक विभाग धरा. त्या तेरा बिंदूंच्या हिशेबात अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी आणि अनुसूचित जमातीची चौदावी. विभागात माणसं किती? कुठं तीन, कुठं चार. सातवा माणूस यायला तीन पिढ्या मरायला हव्यात. मग पोरं रस्त्यावर आली, ५ मार्च २०१९ला बंद झाला, दोन दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय संस्थांसाठी कायदा झाला की सबंध संस्था हेच एकक. हे रस्त्यावर मिळालं, हे ध्यानात ठेवा. पण कायद्यानं दिलेली जागा मुलाखतीच्या खोलीत शिरते आणि बाहेर येते ती "योग्य उमेदवार आढळला नाही" असा शिक्का घेऊन. जागा रिकामी. रिकाम्या जागेवर शिकवणार कोण? तोच, अयोग्य ठरलेला, तासिकेवर. कायम व्हायला तो नालायक, आणि तेच वर्ग, तीच पोरं, तेच पुस्तक घेऊन वर्षभर शिकवायला लायक. हे गणित मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही.

आता माझ्या घरचं सांगतो, म्हणजे मी या भांडणात का पडलो ते कळेल.

माझा पणजा गोदीत टोळीवाल्याच्या हाताखाली होता. पहाटे फाटकाशी उभं राहायचं. टोळीवाला येणार, बोटानं दाखवणार, तू ये, तू ये, तू जा. त्याला पानसुपारी, दारूची बाटली, कधी पगारातला हिस्सा. बोट नाही लागली तर उपाशी घरी. इंग्रजांच्या रॉयल कमिशननंसुद्धा १९३१ला लिहून ठेवलं की हे नैमित्तिक मजुरीचं थांबवा. थांबलं नाही. मग १९४८ साली गोदी कामगारांचा नोकरी नियमनाचा कायदा झाला आणि १९५१ला मुंबईत योजना आली. नोंदणी झाली. बोर्ड आलं. माझा आजा बोर्डाच्या नोंदवहीत होता. पितळेचा बिल्ला मिळाला, नंबर कोरलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माणूस हजेरीला आला आणि त्या दिवशी काम नसलं, तरी त्याला हजेरीचे पैसे. महिन्यात ठराविक दिवसांची हमी. म्हणजे कायद्यानं कबूल केलं की कामाची वाट बघत उभा राहिलेला माणूस हा कामावरच आहे. पुढं १९८६ साली, तुमच्या त्या शैक्षणिक धोरणाच्याच साली, गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा, आरोग्याचा आणि कल्याणाचा कायदा झाला. प्यायचं पाणी, मुतारी, विश्रांतीची शेड, कॅन्टीन. आधी नाव वहीत चढलं, मग कल्याण आलं. आजा सांगायचा, बिल्ला छातीवर लागल्यावर मुकादम शिवी द्यायचा तरी नाव घेऊन द्यायचा.

मग कंटेनर आले. जिथं शंभर हात लागायचे तिथं एक क्रेन. न्हावाशेवा सुरू झालं. १९९४ला मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टात विरलं. बापाच्या वेळेला भरती आटली, तो आयुष्यभर नाक्यावर उभा राहिला. मी कंत्राटदाराकडं आहे. माझ्याकडं बिल्ला नाही, गळ्यात लॅमिनेट केलेला पास आहे, कंत्राट संपलं की पास संपतो. बोट नसेल तर फोन येत नाही. पणजा उभा होता तिथंच मी आलो, फक्त टोळीवाल्याचं बोट आता मोबाईलमध्ये आहे.

आणि बघतो तर माझ्या शेजारी कोण उभा? पीएचडी झालेला दोस्त. आम्हाला वाटलं होतं, शिकलं की माणूस फाटकाच्या आत जातो. चाळीतल्या बायांनी त्याच्यासाठी नवस नाही बोलले, पण वर्गणी काढली होती. तो आत गेला आणि आत आणखी एक फाटक निघालं.

इथं काही शहाणे म्हणतील, भरती सरकारनं रोखलीय, प्राध्यापकांवर कशाला घसरतोस? बरोबर, सरकारनंच रोखलीय. पण दोस्ताला सतरंज्या उचलायला सांगायला मंत्रालयातून माणूस आला नव्हता. त्याचे तास आपल्या नावावर लावणारे मंत्रालयात बसत नाहीत. आणि आता जीभ जड होते तरी बोलतो, त्या कार्यशाळेत डोळे मिटून बसलेल्यांत आपलेही दोघं होते. आरक्षणातून लागलेले, चळवळीची गाणी गाऊन मोठे झालेले, दलित साहित्यावर चर्चासत्रात पेपर वाचणारे. १४ एप्रिलला भाषण देतात. त्यांनी दोस्ताला जाग्यावरून हाक मारली, "जरा पंखा वाढव रे." मी त्यांचा द्वेष करत नाही. त्यांनीही खाल्लेत टोमणे, त्यांच्याही पाठीमागं "कोट्यातले" म्हणतात, त्यांनाही ताण आहे, कदाचित सगळ्यांत जास्त त्यांनाच. पण सर, तुम्ही आत गेलात तेव्हा फाटक ओढून का घेतलंत? एक वाक्य बोलला असतात, "हा बसेल, नाहीतर मी उठतो." एवढ्यानं तुमचं कॅस अडकलं असतं का?

मला विचाराल काय पाहिजे, तर फार काही नवं नाही. माझ्या आज्याला जे मिळालं तेवढंच. नोंदवही पाहिजे, तिच्यात नाव पाहिजे, ते दर जूनला खोडायचं नाही. वर्ग नसला तरी हजेरीचे पैसे, बारा महिने. शिकवलेली वर्षं मोजा, कमी पगाराची असली तरी. रिफ्रेशर, ओरिएंटेशन जे काय असेल ते त्याला आत्ताच द्या, त्या दिवसांच्या पैशासकट, कारण आपल्या पोरांसमोर आत्ता तोच उभा आहे. आपल्या वस्त्यांमधली पहिल्यांदा कॉलेजात गेलेली पोरं कायम प्रोफेसरांच्या वाट्याला कमी आणि तासिकावाल्यांच्या वाट्याला जास्त येतात. त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं तर त्यांचं राहील. त्याला खायला मिळालं तर तो मेमध्ये एखादं पुस्तक वाचेल. मग वाटलं तर प्राणायाम करू. मीही येतो, श्वास मलाही लागतो, लोखंडाच्या धुळीनं छाती भरलीय.

मी हे दोस्ताला वाचून दाखवलं. तो घाबरला. म्हणाला, कॉलेजचं नाव काढ. म्हटलं, घातलंच नाही. माझं नाव? तेही नाही. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बिल्ला देतोस? वर्गात दाखवतो, कामगार अर्थशास्त्र लावलंय यंदा. आजीनं ट्रंकेतून काढून दिला. दुसऱ्या दिवशी सांगत होता, पोरांनी हातात घेऊन घेऊन बघितला, एकीनं विचारलं, सर, तुमचा नंबर किती?

जूनमध्ये त्याची आठवी मुलाखत आहे. तारीख लागली की आपल्या फळ्यावर लिहीन. तासिकेवरचे आणखी अकराजण यायला तयार झालेत, त्यातले चौघं तोंडाला रुमाल बांधून का होईना, पण येणार. मी खाडा करणार आहे, पैसे कापतील, कापू देत. सकाळी साडेनऊला कॉलेजच्या फाटकाशी या, बिल्ला मी घेऊन येतो.